खार्तूमची संमती: दार्फूरच्या मुत्सद्देगिरीची चार वर्षं

३१ ऑगस्ट २००६ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १७०६ मंजूर केला. बाजूने १२ मतं पडली, विरोधात एकही नाही. चीन, रशिया आणि कतार तटस्थ राहिले. सुदानच्या पश्चिमेकडच्या दार्फूर भागात १७,३०० सैनिक आणि ३,३०० पोलीस पाठवायचे ठरले. ती फौज कधीच गेली नाही. ठरावाच्या पहिल्याच कलमात परिषदेने सुदान सरकारला या तैनातीसाठी संमती द्यायचं 'निमंत्रण' दिलं होतं आणि राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांनी ती साफ नाकारली. कागदावर मंजूर असलेली फौज कागदावरच राहिली.

दार्फूरची हकिकत बहुतेक ठिकाणी 'जगाने डोळेझाक केली' अशी सांगितली जाते. कागदपत्रं वाचली की ते पटत नाही. २००४ नंतर दार्फूरवर जेवढ्या बैठका, दौरे, ठराव, चौकश्या आणि वाटाघाटी झाल्या, तेवढ्या त्या काळात फार थोड्या आफ्रिकी संघर्षांच्या वाट्याला आल्या. मंडळी रिकामी बसली नव्हती. पण जवळजवळ प्रत्येक पायरीवर ज्याच्यावर आरोप होता त्याचीच परवानगी मागितली गेली आणि ती मिळेपर्यंत मुख्य कत्तल उरकलेली होती. प्रकरण अभ्यास म्हणून दार्फूर घ्यावं ते या मांडणीसाठी.

भांडण कशाचं होतं

दार्फूर जवळपास फ्रान्सएवढं आहे आणि तेव्हा तिथे साठेक लाख लोक राहत होते. मधोमध जेबेल मर्रा हा डोंगर. त्याच्या आसपास फूर शेतकरी, पश्चिमेला चाडच्या सीमेलगत मसालित, उत्तरेच्या कोरड्या पट्ट्यात झगावा. यांच्या जोडीने उत्तरेत उंट राखणाऱ्या आणि दक्षिणेत गुरं राखणाऱ्या अरब टोळ्या. सगळे मुसलमान. दक्षिण सुदानच्या युद्धात 'उत्तरेचे मुसलमान विरुद्ध दक्षिणेचे ख्रिस्ती' असं सोपं (आणि तिथेही अर्धवटच) चित्र रंगवता येत होतं. इथे तेवढीही सोय नव्हती. सोयरिकी होत्या, बाजार एक होते, गुरांच्या वाटा ठरलेल्या होत्या.

जमीन मात्र सारखी वाटलेली नव्हती. 'हाकूरा' नावाच्या जुन्या वहिवाटीत मुलूख टोळीच्या प्रमुखाकडे असे, आणि उत्तरेतल्या कित्येक उंटपाळ अरब टोळ्यांकडे स्वतःचा हाकूरा नव्हता. १९८४-८५च्या दुष्काळात चराईचा पट्टा दक्षिणेकडे सरकला, शेतकऱ्यांनी पिकाबरोबर गवतालाही कुंपणं घातली आणि गुरांच्या वाटा अडल्या. असे तंटे पूर्वी टोळीप्रमुख एकत्र बसून, नुकसानभरपाई ठरवून मिटवत. पण १९७१ साली सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निमेरी यांच्या सरकारने पारंपरिक प्रशासन मोडीत काढल्यापासून त्या बैठकांचा दरारा ओसरला होता. त्यात चाडमधल्या युद्धाने आणि लिबियाने सोडलेल्या बंदुका स्वस्त झाल्या. १९८७ ते ८९ या काळात फूर आणि अरब टोळ्यांत उघड युद्ध झालं. २००३ची आग लागायच्या आधीचं हे सरपण.

२००३च्या सुरुवातीला दोन संघटना सरकारविरुद्ध उठल्या. एक सुदान लिबरेशन आर्मी. तिचे नेते फूर समाजातले अब्दुल वाहिद अल-नूर आणि झगावा समाजातले मिनी मिनावी. दुसरी जस्टिस अँड इक्वॅलिटी मूव्हमेंट, प्रमुख खलील इब्राहिम. २५ एप्रिलच्या पहाटे त्यांनी दार्फूरमधल्या अल-फाशेर शहराच्या विमानतळावर हल्ला करून उभी विमानं जाळली आणि हवाईदलाच्या एका जनरलला पकडून नेलं. राजधानी खार्तूमची, म्हणजे सरकारची, अब्रू गेली. बरं, सैन्यातले शिपाई मोठ्या संख्येने दार्फूरचेच; ते आपल्या गावांवर गोळ्या झाडतील याचा भरवसा नाही. मग सरकारने अरब टोळ्यांतल्या हत्यारबंद टोळक्यांना पैसे, बंदुका आणि मोकळीक दिली. लोक त्यांना जंजावीद म्हणत.

पद्धत ठरलेली होती. आधी अँटोनोव्ह मालवाहू विमानाच्या मागच्या दारातून बॉम्ब ढकलायचे, मग हेलिकॉप्टर, मग उंटाघोड्यांवरचे आणि जीपमधले लोक. पुरुषांना मारायचं, बायकांवर बलात्कार, धान्याच्या कणग्या पेटवायच्या, विहिरीत मेलेली जनावरं टाकायची. नंतर पाहणीला गेलेल्यांना फूर किंवा मसालित गाव राखेत आणि त्याला लागून असलेलं अरब गाव शाबूत, असं दृश्य पुन्हा पुन्हा दिसलं. हल्ला बंडखोरांवर नव्हता, ते ज्या लोकांतून आले त्यांच्यावर होता, हे समजायला यापेक्षा वेगळा पुरावा लागत नाही.

नैवाशाला धक्का नको

हे चालू असताना, म्हणजे २००३चं दुसरं सहामाही आणि २००४चे पहिले तीन महिने, सुरक्षा परिषदेने दार्फूरवर एकही ठराव केला नाही. कारण केनियातल्या नैवाशा या गावी होतं. तिथे सरकारचे उपराष्ट्राध्यक्ष अली उस्मान ताहा आणि दक्षिणेचे नेते जॉन गरांग समोरासमोर बसून १९८३पासूनचं युद्ध मिटवत होते. त्या युद्धात सुमारे वीस लाख माणसं गेली होती. सप्टेंबर २००३मध्ये सैन्याबाबतचा समझोता झाला, जानेवारी २००४मध्ये तेलाच्या उत्पन्नाची वाटणी ठरली. अमेरिका, ब्रिटन आणि नॉर्वे यांनी या वाटाघाटींमागे वर्षं घातली होती. दार्फूरवरून खार्तूमला फार ताणलं तर ताहा टेबल सोडून उठतील, ही भीती होती.

ही भीती मूर्खपणाची होती असं मी म्हणणार नाही. वीस लाख मृत्यूंचं युद्ध थांबतंय आणि दुसरीकडे एक नवं बंड पेटलंय, अशा वेळी आधी पहिलं बांधून घ्यावं असं कुठल्याही अनुभवी मुत्सद्द्याला वाटेल. पण खार्तूमलाही हे दिसत होतं. नैवाशा जितकी लांबेल तितका दार्फूरमध्ये मोकळा वेळ मिळेल, हा हिशेब बशीर सरकारने अचूक केला. वाटाघाटीत जो धरून ठेवायचा माल असतो तोच दुसऱ्या बाजूच्या हातात गेला.

मधल्या काळात मध्यस्थी कोणी केली? चाडने. चाडचे तेव्हाचे अध्यक्ष इद्रिस देबी स्वतः झगावा. त्यांच्याच सैन्यातले लोक सीमेपलीकडच्या भाऊबंदांना मदत करत होते, आणि देबींना खार्तूमशीही बिघडवून घ्यायचं नव्हतं. सप्टेंबर २००३मधला, चाडमधल्या आबेशे गावी झालेला शस्त्रसंधी वर्षअखेरीला कोसळला. ८ एप्रिल २००४ला चाडची राजधानी एन्जामेना इथे दुसरा झाला. त्याच्या दोन प्रती निघाल्या आणि त्या एकसारख्या नव्हत्या: बंडखोरांनी ठरावीक ठिकाणी एकत्र जमावं, असं एक वाक्य सरकारच्या प्रतीत जास्तीचं होतं. पुढचं वर्षभर शस्त्रसंधी कोणी मोडला यावर वाद घालताना दोन्ही बाजू वेगवेगळा कागद समोर धरत होत्या.

मौन मोडलं ते आतल्या माणसाने. मुकेश कपिला हे भारतात जन्मलेले ब्रिटिश डॉक्टर त्या वेळी सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांचे सर्वांत वरिष्ठ अधिकारी होते. महिनोन्‌महिने न्यूयॉर्कला आणि पाश्चात्त्य राजधान्यांना कळवून काही हललं नाही, तेव्हा १९ मार्च २००४ रोजी ते बीबीसी रेडिओवर उघड बोलले. रवांडा आणि दार्फूर यांत आता फरक आहे तो फक्त आकड्यांचा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. रवांडाच्या वंशसंहाराला दहा वर्षं पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते. तारखेचा असा दबाव कुठल्याही अहवालाने आला नसता. ७ एप्रिलला जिनिव्हात रवांडाचं स्मरण करतानाच सरचिटणीस कोफी अन्नान यांना दार्फूरचं नाव घ्यावं लागलं. कपिला मात्र त्या पदावर राहिले नाहीत.

याच्या पुढच्या महिन्यात सुदान संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगावर पुन्हा निवडून आला. आफ्रिकी गटाने नाव पुढे केलं होतं. अमेरिकेचे प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले.

रिकामी छावणी आणि तीस दिवस

१ जुलै २००४. अन्नान अल-फाशेरजवळच्या मेश्तेल छावणीला भेट देणार होते. आदल्या दिवशी तिथे हजारांहून जास्त कुटुंबं होती, चिखलात, प्लास्टिकच्या आणि काटक्यांच्या आडोशाला. अन्नान यांचा ताफा पोचला तेव्हा छावणीत कोणी नव्हतं. रात्रीतून माणसं ट्रकमध्ये भरून दुसऱ्या छावणीत हलवली होती. अधिकाऱ्यांनी सांगितलं, जागा राहण्याजोगी नव्हती, म्हणून हलवलं. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसासमोर असं करण्याची हिंमत होणं, हीच खार्तूमने बाहेरच्या जगाची केलेली किंमत होती. दोन दिवसांनी, ३ जुलैला, अन्नान यांनी त्याच सरकारबरोबर संयुक्त निवेदनावर सही केली. जंजावीदना निःशस्त्र करायची जबाबदारी सरकारने त्यात स्वीकारली.

३० जुलैचा ठराव १५५६ याच पायावर उभा राहिला. सरकारने तीस दिवसांत जंजावीदची हत्यारं काढून घ्यावीत. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यातला हा प्रकार, पण त्याहून वाईट गोष्ट तपशिलात होती. मसुद्यातला 'निर्बंध' हा शब्द काढून त्या जागी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या, निर्बंधांची मुभा देणाऱ्या ४१व्या कलमाचा हवाला घातला. अर्थ तोच, धार बोथट. एवढं करूनही चीन आणि पाकिस्तान तटस्थ राहिले. शस्त्रबंदी घातली ती दार्फूरमधल्या बिगरसरकारी गटांवर, सरकारवर नाही. मग सरकारने जंजावीदना सीमा रक्षक दलाचे आणि लोकसंरक्षण दलाचे गणवेश दिले. टोळकं सरकारी झालं आणि बंदीतून सुटलं. तीस दिवस उलटले आणि काही झालं नाही, कारण तीस दिवसांनंतर काय करायचं यावर परिषदेत एकमत कधीच नव्हतं. सप्टेंबर २००४चा ठराव १५६४ तर चार देश तटस्थ ठेवूनच निघाला.

९ सप्टेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सिनेटच्या समितीसमोर बसले. त्यांच्या खात्याने चाडमधल्या निर्वासितांच्या १,१३६ मुलाखती घेतल्या होत्या. त्या आधारे दार्फूरमध्ये वंशसंहार झाला आहे, असं ते म्हणाले. वंशसंहार अजून चालू असताना एका सरकारने दुसऱ्यावर अधिकृतपणे हा ठपका ठेवण्याची उदाहरणं दुर्मीळ. रवांडाच्या वेळी हाच शब्द उच्चारायचा नाही म्हणून वॉशिंग्टनने शब्दांची कसरत केली होती, कारण शब्द उच्चारला की कृती करावी लागेल असं सगळे धरून चालले होते. पॉवेल यांनी ते कोडं एका वाक्यात सोडवलं: या निष्कर्षामुळे आम्ही वेगळं काही करणं बंधनकारक होत नाही, जे करतोय ते पुरेसं आहे. इराकमध्ये अमेरिकेचे सव्वा लाखांहून जास्त सैनिक अडकलेले होते, हे त्यामागचं न बोललेलं कारण. आणखी एका मुसलमान देशात फौज उतरवायची तयारी कोणाचीच नव्हती.

आफ्रिकेचा प्रश्न आफ्रिकेनेच

अशा वेळी आफ्रिकन युनियन पुढे आली तेव्हा पाश्चात्त्य राजधान्यांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला असणार. नव्याने स्थापन झालेल्या युनियनच्या घटनेत, सदस्य देशात वंशसंहार किंवा युद्धगुन्हे होत असतील तर हस्तक्षेप करण्याचा अधिकार लिहिलेला होता. तिच्याआधीच्या आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या 'शेजाऱ्याच्या घरात डोकवायचं नाही' या धोरणाच्या हा नेमका उलटा. दार्फूर ही पहिली मोठी परीक्षा. पण इथेही त्या अधिकाराचा वापर झालाच नाही. फौज गेली ती सुदानच्या संमतीने, शस्त्रसंधी पाहायला. आधी ६० निरीक्षक आणि त्यांच्या रक्षणाला ३०० सैनिक. पहिली तुकडी ऑगस्ट २००४मध्ये रवांडाहून आली. ऑक्टोबरात संख्या तीन हजारांच्या वर न्यायचं ठरलं, पुढे सात हजारांपर्यंत गेली.

या फौजेच्या अधिकाराची भाषा अभ्यासण्यासारखी आहे. समोर दिसतील असे, अगदी जवळ असलेले आणि तातडीच्या धोक्यातले नागरिक, तेही उपलब्ध साधनांच्या मर्यादेत, वाचवायचे. आणि नागरिकांच्या रक्षणाची मूळ जबाबदारी सुदान सरकारची आहे हे गृहीत धरायचं. प्रत्येक शब्दाला एक पळवाट लटकवलेली. पैसा युरोपीय संघाचा, छावण्या अमेरिकी कंत्राटदारांनी बांधलेल्या, पगार महिनोन्‌महिने थकलेला. तरीही जिथे गस्त नियमित होती तिथे सरपणाला बाहेर पडणाऱ्या बायकांना थोडं निर्धास्त फिरता येत होतं, ही गोष्ट त्या फौजेच्या खात्यावर मांडलीच पाहिजे. सप्टेंबर २००७मध्ये हस्कनिता इथल्या तिच्या तळावर एका बंडखोर गटाने हल्ला केला आणि किमान दहा जण मारले. तोवर कोणाचा शस्त्रसंधी आणि कोणाची देखरेख, हेच स्पष्ट राहिलं नव्हतं.

दरम्यान नोव्हेंबर २००४मध्ये सुरक्षा परिषद न्यूयॉर्क सोडून चक्क नैरोबीत भरली. असं क्वचितच होतं. तिथल्या ठरावाचा रोख नैवाशावर होता. दार्फूर मागच्या बाकावर. ९ जानेवारी २००५ला उत्तर-दक्षिण करारावर सह्या झाल्या. ज्यासाठी थांबलो ते मिळालं, असं म्हणायला मुत्सद्दी मोकळे झाले.

हेगचा रस्ता

इटालियन न्यायाधीश अँतोनिओ कासेसे यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी आयोगाने जानेवारी २००५मध्ये अहवाल दिला. सरकारचं वंशसंहाराचं धोरण सिद्ध होत नाही, पण झालेले गुन्हे त्याहून कमी गंभीर नाहीत, असा निष्कर्ष. सोबत ५१ नावांचं सीलबंद पाकीट. वर्तमानपत्रांनी पहिला अर्धा भाग उचलला आणि खार्तूमने तोच मिरवला.

पाकीट उघडणार कोण? ३१ मार्च २००५च्या ठराव १५९३ने दार्फूरचं प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवलं. परिषदेने न्यायालयाकडे पाठवलेलं हे पहिलंच प्रकरण. अमेरिकेचा या न्यायालयालाच विरोध होता; पण आपणच ज्याला वंशसंहार म्हटलं त्याच्या खटल्यावर नकाराधिकार वापरायचा कसा? ती तटस्थ राहिली, आणि त्या बदल्यात न्यायालयाचे सदस्य नसलेल्या देशांच्या शांतिसैनिकांना सूट देणारं कलम घालून घेतलं. त्या कलमावर चिडून न्यायालयाचा समर्थक असलेला ब्राझीलही तटस्थ राहिला. चीन आणि अल्जीरिया धरून चार. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला एवढा एकच निर्णय खार्तूमला विचारून झाला नाही. तोही पूर्ण नाही: महिनाभरातच सुदानचे गुप्तचर प्रमुख सलाह गोश यांना सीआयएने दहशतवादविरोधी सहकार्यासाठी विमानाने अमेरिकेत नेल्याची बातमी फुटली. एका हाताने खटला, दुसऱ्या हाताने पाहुणचार.

अबुजाची घाई

राजकीय तोडगा नायजेरियाची राजधानी अबुजा इथे शोधला जात होता. टांझानियाचे सलीम अहमद सलीम मध्यस्थ होते. सातव्या फेरीत सगळ्यांचा संयम संपला. देणगीदार देश पैसे थांबवू म्हणत होते आणि वॉशिंग्टनला शांतिसेनेसाठी आधी करार हवा होता. २५ एप्रिल २००६ला भलामोठा मसुदा टेबलावर आला आणि मुदत दिली ३० एप्रिलची. अमेरिकेचे रॉबर्ट झोलिक, ब्रिटनचे हिलरी बेन, नायजेरियाचे अध्यक्ष ओबासांजो हे सगळे शेवटच्या रात्री एकेका नेत्याला बसवून समजावत, धमकावत होते. मुदत वाढत गेली. ५ मे रोजी सरकार आणि मिनावी यांनी सह्या केल्या. मिनावींकडे बंदुका सर्वांत जास्त होत्या, पण झगावा हे दार्फूरमध्ये अल्पसंख्य. फूर हा सर्वांत मोठा समाज, आणि त्यांचे नेते अब्दुल वाहिद यांनी सही नाकारली. विस्थापितांच्या भरपाईसाठी सुरुवातीला देऊ केलेले ३ कोटी डॉलर त्यांना थट्टा वाटले. खलील इब्राहिमही नाही म्हणाले.

परिणाम लगेच दिसला. छावण्यांत कराराविरुद्ध दंगली झाल्या. मिनावी राष्ट्राध्यक्षांचे वरिष्ठ सहायक झाले आणि त्यांचे सैनिक काल-परवापर्यंतच्या साथीदारांवर चालून गेले. सह्या न केलेले गट फुटत गेले, इतके की पुढच्या वाटाघाटींना कोणाकोणाला बोलवायचं हाच प्रश्न झाला. घाईचं कारण शांतता नव्हतं. शांतिसेना पाठवायला आधी एखादा करार लागतो, म्हणून करार करून घेतला, आणि फौज तरीही आली नाही.

तेल, ऑलिम्पिक आणि एक संकरित फौज

आता ठराव १७०६कडे परत येऊ. दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आधीपासून होती, आणि तिचे सेनापती तेव्हा भारताचे लेफ्टनंट जनरल जसबीरसिंग लिडर होते. भारताची मोठी तुकडीही तिथे होती. तिचाच पसारा दार्फूरपर्यंत वाढवायचा होता. बशीर यांनी याला नवा वसाहतवाद म्हटलं आणि आपण स्वतः प्रतिकाराचं नेतृत्व करू, अशी घोषणा केली. ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी यान प्रोंक यांना त्यांनी देशाबाहेर काढलं. प्रोंक यांनी आपल्या ब्लॉगवर सुदानी सैन्याच्या पराभवांबद्दल लिहिलं होतं.

बशीर यांना ही ऐट परवडत होती, कारण तेल वाहत होतं. चीनची राष्ट्रीय तेल कंपनी सगळ्यात मोठी भागीदार आणि चीनच सगळ्यात मोठा गिऱ्हाईक. इथे आपलाही संबंध येतो: मानवाधिकारवाल्यांच्या दबावामुळे कॅनडाच्या टॅलिस्मन कंपनीने सुदानच्या तेलक्षेत्रातला २५ टक्के वाटा विकायला काढला, तेव्हा तो २००३ साली आपल्या ओएनजीसी विदेशने घेतला. दिल्लीने त्याकडे ऊर्जासुरक्षा म्हणून पाहिलं. त्या चार वर्षांत भारत सुरक्षा परिषदेवर नव्हता, त्यामुळे हात वर करायची वेळ आली नाही एवढंच.

कोंडी फोडायला नोव्हेंबर २००६मध्ये अन्नान यांनी आदिस अबाबात एक तडजोड मांडली: फौज निव्वळ संयुक्त राष्ट्रांची नको, निव्वळ आफ्रिकन युनियनचीही नको, दोघांची मिळून संकरित. चीनचे राजदूत वांग ग्वांग्या यांनी त्या खोलीत सुदानला वळवायला मदत केली. सुदानने मान डोलावली आणि लगेच, आम्ही फक्त तांत्रिक साहाय्याला होकार दिला होता, असं सांगायला सुरुवात केली. पुढचे सात महिने या एका मुद्द्यावर गेले. याच सुमारास निर्बंधांवर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञांच्या अहवालात अल-फाशेरच्या धावपट्टीवरचं सुदान सरकारचं एक पांढरं रंगवलेलं अँटोनोव्ह आलं. पंखावर संयुक्त राष्ट्रांची इंग्रजी अक्षरं. मदतीचं विमान म्हणून लोक बाहेर येतील ते कशाला, हे सांगायला नको.

चीन खरा हलला तो २००७मध्ये. कार्यकर्त्यांनी २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकला दार्फूरशी जोडलं आणि 'वंशसंहाराचं ऑलिम्पिक' हा शब्दप्रयोग रुळला. मे महिन्यात बीजिंगने ल्यू ग्वेजिन यांना खास दूत नेमलं, सैनिकी अभियंते देऊ केले. जूनमध्ये सुदानने संकरित फौजेला होकार दिला. नुसत्या ठरावांना जे तीन वर्षांत जमलं नाही ते खेळांच्या यजमानपदाच्या काळजीने काही महिन्यांत करून दाखवलं. खार्तूमवर दबाव टाकता येत नव्हता हे खरं नाही. तो कुठून टाकायचा ते उशिरा कळलं.

३१ जुलै २००७चा ठराव १७६९ एकमताने झाला. १९,५५५ सैनिक, सहा हजारांवर पोलीस. एकमताची किंमत: निर्बंधांची धमकी मसुद्यातून गळाली, बेकायदा हत्यारं जप्त करायचा अधिकार गळाला, आता ती फक्त 'पाहायची'. फौजेचा तोंडवळा प्रामुख्याने आफ्रिकी राहील, हे कबूल केलं. या वाक्याच्या बळावर खार्तूमने स्वीडन-नॉर्वेचे अभियंते, नेपाळी आणि थायी तुकड्या नाकारल्या. रात्रीची उड्डाणं अडवली. दुसरीकडे जगातले श्रीमंत देश २४ हेलिकॉप्टरं देऊ शकले नाहीत. ३१ डिसेंबर २००७ला सूत्रं बदलली तेव्हा मंजूर २६ हजारांपैकी नऊ हजारांच्या आसपास माणसं होती, आणि तीही बहुतेक जुन्या आफ्रिकी फौजेतलीच.

या मोहिमेवर पुढे वर्षाला दीड अब्ज डॉलरच्या वर खर्च झाला. तोपर्यंतचे मृत्यू संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने तीन लाखांच्या घरात गेले होते (खार्तूमचा आकडा दहा हजार), सुमारे सत्तावीस लाख बेघर. गोळ्यांनी झालेले मृत्यू बहुतांश २००३-०४मधले. त्यानंतरचे बरेचसे हगवण आणि उपासमारीचे, छावण्यांतले. म्हणजे ज्या कत्तलीसाठी फौज मागितली ती फौजेच्या तीन वर्षं आधी होऊन गेली होती. २००४ नंतर मुत्सद्देगिरीने वाचवलेले जीव मोजायचे तर ते शांतिसैनिकांच्या नव्हे, मदत संस्थांच्या खात्यावर जातात, कारण अन्नान आणि पॉवेल यांच्या २००४मधल्या दौऱ्यांनंतर खार्तूमने व्हिसा आणि ट्रकांचे परवाने सैल केले होते. धान्य आणि लसी आत गेल्या. ठरावांच्या गदारोळात या फायद्याची नोंद क्वचित होते.

त्याच मदतीला ओलीस धरता येतं हेही मार्च २००९मध्ये दिसलं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ४ तारखेला बशीर यांच्याविरुद्ध वॉरंट काढलं, त्याच दिवशी सुदानने तेरा परदेशी मदत संस्थांना हाकललं. आफ्रिकन युनियनने सदस्यांना वॉरंट न पाळायला सांगितलं. बशीर फिरत राहिले. ऑक्टोबर २०१५मध्ये भारत-आफ्रिका शिखर परिषदेसाठी दिल्लीतही येऊन गेले. भारत त्या न्यायालयाचा सदस्य नाही, त्यामुळे कायद्याने अडचण नव्हती.

एप्रिल २०१९मध्ये जनआंदोलनानंतर सैन्याने बशीर यांना हटवलं. नव्या सरकारने विनंती केली, परिषदेने मान्य केली, आणि दार्फूरमधली शांतिसेना ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली. दोन आठवड्यांनी पश्चिमेच्या अल-जनीना शहरात मसालित विस्थापितांच्या छावणीवर हल्ला होऊन शंभरावर माणसं मेली. जंजावीदमधून उभं राहिलेलं, २०१३पासून सरकारी मान्यता असलेलं रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे दल एप्रिल २०२३मध्ये सैन्याशीच भिडलं, आणि त्याच वर्षी अल-जनीनात दहा ते पंधरा हजार लोक मारले गेल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी दिला. वर्ष संपता संपता खार्तूमच्या मागणीवरून सुदानमधली उरलीसुरली राजकीय मोहीमही परिषदेने बंद केली. जून २०२४मध्ये परिषदेने अल-फाशेरचा वेढा उठवायला सांगितलं: १४ मतं बाजूने, रशिया तटस्थ. नोव्हेंबरात नागरिकांच्या रक्षणाचा मसुदा आला, तो रशियाच्या नकाराधिकाराने पडला. सुदानच्या सार्वभौमत्वाचा मान राहिला नाही, असं कारण दिलं गेलं. अल-फाशेर २६ ऑक्टोबर २०२५ रोजी रॅपिड सपोर्ट फोर्सेसच्या हाती पडलं. या वेळी मारणारं दल सरकारच्या विरोधातलं होतं, तरी बाहेरच्या फौजेला खार्तूमचा नकार कायम होता.